आधणाचं पाणी

मी तोंडाळ बाई आहे, हे अख्ख्या पंचवटीला माहीत आहे. भाजीवाल्याला सोडत नाही, गॅसवाल्याला सोडत नाही, पिंडदानासाठी आलेल्या यजमानांनी जिन्यात चपलांचा ढीग केला तर त्यांनाही सोडत नाही. आमचे हे म्हणायचे, "हिच्या जिभेला जो लगाम घालील त्याला मी पदरची दक्षिणा देईन." तर अशी मी, आणि गेले चार महिने एक गोष्ट माझ्या तोंडून निघत नाहीये. मुलाला सांगितली नाही, नणंदेला सांगितली नाही, देवापुढे बसूनसुद्धा मोठ्यानं म्हटली नाही. तुम्ही कोण कुठले, तुम्हाला सांगते. परक्याला सांगायला सोपं जातं मेलं.

हे म्हणजे गोविंदशास्त्री. चाळीस वर्षं रामकुंडावर बसून लोकांच्या आजापणज्यांना पाणी दिलं, घरोघर होम केले. मग एका पावसाळ्यात खोकला सुरू झाला तो थांबेचना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झालीत. कशानं? होमाचा धूर असेल, घाटावरची कबुतरं असतील, किंवा काहीच नसेल. म्हटलं, वा, एवढं शिकून एवढंच सांगता होय! पण एक गोष्ट त्यांनी नीट सांगितली. नाकातली नळी चोवीस तास हवी, नाहीतर हा माणूस काही तासांचाच सोबती.

तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन आमच्या घरात आलं. पलंगाशेजारी ते घरघरायचं, मागच्या बाजूनं गरम हवा सोडायचं. मशीन किती हवा सोडतंय ते दाखवणारी एक छोटी गोळी पुढं काचेच्या नळीत तीनच्या आकड्यावर तरंगत राहायची. मशीनमधून निघालेली हवा आधी पाण्याच्या बाटलीत जायची, तिथं बुडबुडे काढायची आणि मग नाकात. त्या बुडबुड्यांकडे माझा एक कान सतत असायचा. कुकर लावताना, पोथी वाचताना, अगदी शेजारणीशी भांडतानासुद्धा.

आता मुलाचं सांगते. देवव्रत, वय वर्षं चौतीस, अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढतो. स्थळं बघायची सोडून त्यानं तीन वर्षांपूर्वी घरात थ्रीडी प्रिंटर आणून ठेवला. प्लास्टिकची तार रिळासारखी गुंडाळलेली, ती वितळवून ते मशीन थरावर थर देत वस्तू बनवतं. मी त्याला छापखाना म्हणायचे. आधी एक बेडूक छापला, मग मोबाइल ठेवायचा स्टँड, मग माझ्या मिक्सरचं बटण. "बायको छापता येते का बघ," असं मी एकदा म्हटलं, तर हे इतके हसले की खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. छापखाना मागच्या खोलीत होता आणि त्या खोलीपुरता माझा नि देवव्रतचा तह होता. त्याला अंडं खायचं असेल तर तिथं, दार लावून, आपल्या वेगळ्या शेगडीवर. त्याची ताटली माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही आणि मी त्या खोलीत नाक खुपसणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत मशीन आणि बाटली यांना जोडणारा तुकडा तडकला. बोटाच्या पेराएवढा, कोपरासारखा वाकलेला. मी त्याला कोपरच म्हणायचे. कंपनीला फोन केला तर म्हणे सुटा मिळत नाही, अख्खा संच मुंबईहून येईल, वीस दिवस लागतील. वीस दिवस! ह्यांना सिलिंडरवर ठेवलं, तो संपत आला की दुसऱ्यासाठी देवव्रत स्कूटर घेऊन धावायचा. दोन दिवस मी त्या कंपनीच्या मुलीला फोनवर इतकं बोलले की शेवटी तिनं माझा नंबर उचलायचा बंद केला.

तिसऱ्या दिवशी देवव्रतनं तुटका कोपर मोजला आणि छापायला घेतला. पाच वेळा फसला. कधी सैल, कधी घट्ट, कधी हवा गळायची. सहावा बसला. मशीन लावलं, बाटलीत बुडबुडे आले आणि हे नाकाला नळी लावून मुलाकडे बघत राहिले. आमच्याकडे बाप मुलाचं तोंडावर कौतुक करत नाही. पण हे म्हणाले, "मी मेलेल्यांना पाणी देत आलो. तू जिवंताला हवा दिलीस." मी आत जाऊन डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हटलं, "आता गिळायला चला, आमटी निवतेय."

तेव्हाच देवव्रतनं मला बजावलं होतं. "आई, हा धुवायचा तो थंड पाण्यानं. गरम पाणी अजिबात नको. हे प्लास्टिक उन्हात गाडीत राहिलं तरी वाकतं. पुढं मी चांगल्या प्लास्टिकचा करीन, तोवर हा."

"कळलं रे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं.

चांगल्या प्लास्टिकचा राहूनच गेला. चालतंय ना, मग चालू दे, हे आपल्या सगळ्यांचंच असतं. मी दर दोन दिवसांनी तो काढायचे, थंड पाण्यानं धुवायचे, पिळून पिळून पुन्हा बसवायचे. माझी बोटं दुखायची इतका तो घट्ट बसायचा.

सिलिंडरवाल्यानं ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली आणि लोक यायला लागले. कुणाची आई, कुणाचा सासरा, सगळे असेच नळीला बांधलेले. देवव्रत कारखान्यातून यायचा, हातपाय धुवायचा आणि छापायला बसायचा. एक पै घेत नव्हता. नामपूरहून समाधान नावाचा एक जण एसटीनं आला. तिथल्या कांदा मार्केटात तो हमाली करतो. त्याच्या आईचं, विमलाबाईंचं मशीन इतकं जुनं होतं की कंपनीनं ते बनवायचंच बंद केलेलं. त्याला कोपर मिळाला तेव्हा तो आधी ह्यांच्या पाया पडला, मग माझ्या, मग देवव्रतच्या. देवव्रत लाजून मागं सरकला. असे अकरा जण झाले. नोकरी सोडून हेच करावं, असं त्याच्या मनात घोळायला लागलं आणि मी, जिनं त्या छापखान्याला तीन वर्षं नावं ठेवली, तीच मी शेजारपाजारी सांगत सुटले की आमचा देवू लोकांचे प्राण छापतो.

मग पितृपक्ष आला. पंचमीला माझ्या सासऱ्यांचं, नानांचं श्राद्ध. हे म्हणाले, यंदा मीच करणार. मी म्हटलं, "अहो, बसवत नाही तुम्हाला, देवूला करू दे." म्हणाले, "जगाच्या बापांना पाणी दिलं, माझ्या बापाला मी देणार नाही तर कोण?"

चतुर्थीच्या संध्याकाळी हरसूलच्या कुणासाठी देवव्रत नवा कोपर करत होता, तो काही जुळेना. शेजारी ठेवून बघायला म्हणून त्यानं ह्यांचा कोपर काढून नेला आणि ह्यांना तेवढ्यापुरतं सिलिंडरवर ठेवलं. सकाळी मी आंघोळ करून सोवळं नेसून स्वयंपाकाला लागले होते. खिरीचे तांदूळ धुतलेले, वड्यांचं पीठ मळलेलं, डाळीसाठी आधण चढवलेलं. देवव्रत त्या खोलीतून आला आणि कोपर पुढं करून म्हणाला, "आई, हा लाव. मी आंघोळ करून ब्राह्मणांना घेऊन येतो."

"शिवू नकोस मला. ठेव त्या पाटावर," मी म्हटलं.

तो गेला. मी कोपर उचलला आणि माझ्या नाकात वास भरला. अंडाभुर्जी! रात्री खाल्ली असणार, ताटलीजवळच तो कोपर पडला असणार. माझं डोकं जे सणकलं! श्राद्धाच्या दिवशी ज्या श्वासानं हे वडिलांचं नाव घेणार, तो श्वास ह्याच्यातून येणार? नळाखाली धरला, वास गेला नाही. चिंच लावली, गेला नाही. गोमूत्र शिंपडलं असतं तर शास्त्राचं भागलं असतं, हे मला पुरोहिताच्या बायकोला कळत नव्हतं का? पण मला शास्त्र नको होतं, वास घालवायचा होता.

शेगडीवर आधण खळखळत होतं.

गरम पाणी नको, हे त्या वेळी मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं. अगदी त्याच्या आवाजात आठवलं. मी मनात म्हटलं, एवढं काही होत नाही, क्षणभर तर बुडवायचा. ओगराळ्यात घेतला, आधणात बुडवला, चार मोजले आणि काढला. वास गेला होता. हाताला जरासा मऊ लागला. बाटलीवर बसवला तर नेहमी पिळून पिळून बसणारा तो पठ्ठ्या त्या दिवशी अलगद आत गेला. मला बरं वाटलं. बोटं दुखली नाहीत.

मशीन सुरू केलं. गोळी तीनवर गेली. मी गोळी बघितली आणि स्वयंपाकघरात पळाले. बुडबुडे ऐकायला थांबले नाही. चुलीवर खीर लागत होती.

श्राद्ध छान झालं. हे पाटावर बसले, नळी लांब करून दिली होती. मध्ये दोनदा थांबले, पण सगळे मंत्र स्वतः म्हटले. गच्चीत पान ठेवलं आणि हात मागं घेतो न घेतो तोच कावळा शिवला. उज्ज्वला वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, नाशिकरोडहून मुद्दाम आल्या होत्या. त्या हात जोडून म्हणाल्या, "नाना तृप्त झाले हो." ब्राह्मण जेवले, देवव्रत त्यांना स्कूटरवरून सोडायला गेला. हे म्हणाले, "दमलो. जरा पडतो." मी नळी सारखी केली, अंगावर पंचा घातला. ओठ थोडे काळसर वाटले, पण इतका वेळ बसले होते, दमलेच असणार. गोळी बघितली. तीन.

मग मी आणि वन्सं जेवायला बसलो. वन्संचं तोंडही माझ्यासारखंच, आणि त्यात भांडी घासायला आलेल्या पुतळाबाईंनी मोरीत पातेल्यांचा दणदणाट मांडलेला. आम्ही आमसुलाच्या चटणीवर बोललो, वन्संच्या सुनेवर बोललो. माझा तो एक कान कुठं होता त्या वेळी, देव जाणे. सगळं आवरून मी त्यांना चहा विचारायला गेले तेव्हा तास उलटून गेला होता.

हाक मारली. अहो, ऐकलंत का? पुन्हा मारली. हात गार होता. मशीन घरघरत होतं, गोळी तीनवर होती आणि बाटलीतलं पाणी शांत होतं. एक बुडबुडा नव्हता.

डॉक्टर आले, मान हलवून गेले. देवव्रत आला तो आधी रडला नाही. तो मशीनपाशी गुडघ्यावर बसला आणि कोपराजवळ तळहात धरला. मग माझा हात ओढून तिथं धरला. सगळी हवा त्या सांध्यातून बाहेर येत होती, माझ्या बोटांना लागत होती. त्यानं कोपर काढला, उजेडात फिरवला. एका बाजूनं तो वाकून फाकला होता.

"मशीनची गरम हवा," तो म्हणाला. "सात महिने मागून गरम हवा लागून वाकलाय. मला माहीत होतं हे प्लास्टिक वाकतं. मी बदलणार होतो ना गं, मी म्हटलं होतं ना तुला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. शपथ घेऊन सांगते, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वन्संनी दारातून हंबरडा फोडला. "मेल्या, खेळण्याचं प्लास्टिक बापाच्या नाकाला लावलंस! कंपनीचं आणवत नव्हतं?" आणि देवव्रतनं मान खाली घातली. मी वन्संकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि गप्प बसले. त्या क्षणी गप्प बसले आणि मग प्रत्येक दिवशी बोलणं आणखी अवघड होत गेलं.

कारणं मी पुष्कळ शोधली. म्हटलं, दिवस होऊन जाऊ देत. दिवस झाले. म्हटलं, वन्सं घरी जाऊ देत. त्या गेल्या. खरं सांगू? मला भीती वाटते. उरलेलं आयुष्य मला ह्याच्याच घरात, ह्याच्याच हातचं पाणी पिऊन काढायचंय. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं आणि मी अंड्याच्या वासापायी त्याच्या बापाला मारलं, हे कळल्यावर तो माझ्याकडे कसं बघेल? आता तो आईकडे आईसारखं बघतो. एवढंच उरलंय माझ्याकडे आणि ते मला सोडवत नाही. थू माझ्यावर, पण नाही सोडवत.

एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "आई, तू एवढी बोलणारी. मला एकदा तरी शिव्या दे. तू काही बोलत नाहीस, ते मला जास्त लागतं."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. नशीब एकेकाचं." हे मी म्हटलं. माझ्या ह्या तोंडानं.

छापखाना त्यानं बाहेर काढला, कुणाला तरी देऊन टाकला. त्याआधी अकराही जणांना फोन केले. "माझा तुकडा आजच काढा. गरम हवेनं वाकतो. माझे वडील त्यानंच गेले." प्रत्येकाला हे वाक्य म्हणायचा, जसंच्या तसं, आणि मी स्वयंपाकघरात ऐकायचे. तुकडे परत पाठवा म्हणायचा, म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही. एकेक करून ते कुरिअरनं यायला लागले. मी एकदा त्यातला एक हातात घेऊन बघितला. सरळसोट, घट्ट, कुठं म्हणून वाकलेला नाही. आधणात बुडवल्याशिवाय त्याला काही होणार नव्हतं. देवव्रत बघायचासुद्धा नाही. पाकीट न फोडता पिशवीत टाकायचा.

दहा तुकडे आले. नामपूरचा आला नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात समाधान. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. देवव्रत कामावर होता. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर बसला आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कोपर काढून समोर ठेवला.

"भाऊनी फोन कया, तवाच काढला," तो म्हणाला. "आईचं मशीन तवापासून बंद पडेल शे. कंपनी म्हणते, या मशीनचं सामान येत नाही. सटाण्याहून सिलिंडर आणतो. कधी भेटतो, कधी नाय भेटत. गेल्या आठवड्यात दोन दिवस नाय भेटला. माय नुसती उघड्या तोंडानं बसून राहिली, मावशी."

मी त्याच्यापुढचा रिकामा पेला उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"हा तुकडा चांगला चालू होता. पाच महिने काही झालं नाय. काल मी परत लावायला घेतला होता, मग भाऊंचं बोलणं आठवलं. हात धजावला नाय. म्हटलं, घरातल्या माणसाला विचारून यावं. तुम्ही रोज हाताळायच्या ना?" त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "खरंच याच्यामुळंच झालं का, मावशी? तुम्ही नाय म्हणा, मी जाऊन लावतो."

घरात दुसरं कोणी नव्हतं. देवव्रतला कळायचं कारण नव्हतं. "नाही रे बाबा, जा, लाव," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग तो म्हणाला असता, मावशी लाव म्हणाल्या. देवव्रतला फोन करून सांगितलं असतं. देवव्रतनं मला विचारलं असतं, आई, तू असं कशावरून सांगितलंस?

"हो," मी म्हटलं. "त्याच्यामुळंच झालं."

त्यानं मान हलवली. रुमालाची घडी करून खिशात घातली. मग उठला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. "तुमच्यावर बेतलं तरी दुसऱ्याचा विचार करता. देवमाणसं तुम्ही," म्हणाला आणि कोपर तिथंच ठेवून परतीची गाडी पकडायला गेला.

संध्याकाळी देवव्रत आला. टेबलावरचा कोपर बघून त्यानं विचारलं, "नामपूरचा आला होता?"

"हो. देऊन गेला."

"लावलेला नव्हता ना त्यानं?"

"नव्हता."

त्यानं मोठा श्वास सोडला आणि पानावर येऊन बसला. "बरं झालं," तो म्हणाला. "चला, एक जीव तरी वाचला." चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं दुसरी पोळी मागितली, मग तिसरी. मी तूप लावून वाढत राहिले.